पाठ न दाखवता नौकानयन

१ मार्च, सकाळ
निवृत्तीचा खरा पहिला दिवस. आधीचे महिने सामान बांधण्यात गेले, ते धरत नाही. तळ्याकाठचं घर ताब्यात. खिडकीतून पाणी दिसतं, झाडांना पालवी फुटतेय. कंपनीच्या तक्रार विभागाचा प्रमुख म्हणून जन्मभर लोकांची रडगाणी ऐकली, आता शांतता. संकल्प: पहाटे उठणे, फिरणे, आत्मचरित्र. ही म्हणाली, मेअखेरपर्यंत राहून बघते, नाही जमलं तर लेकीकडे कायमची जाते. बायकांना असं बोलायची सवय असते. तक्रार निकाली.

२ मार्च, सकाळ (बरीच उशिरा)
पहाटे उठणे उद्यापासून. बदकांनी झोपू दिलं नाही. त्यांची तक्रार कुणाकडे करायची, असं शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना विचारलं, तर हसल्या. बाई जरा आगाऊ वाटतात.

९ मार्च
हिचं म्हणणं, इथे बोलायला माणूस नाही. म्हटलं, मी आहे की. म्हणाली, तेच म्हणतेय. आमचं एकमत झालेलं बघून बरं वाटलं.

१४ मार्च
तरी हिचा चेहरा उतरलेलाच. शहाण्याला शब्दाचा मार. उपाय काढला: होडी! पलीकडच्या काठावर झाडाखाली चहाचं दुकान आहे. मेच्या शेवटच्या दिवशी हिला मी स्वतः वल्हवत तिकडे नेणार. मग लेकीकडे जायचं नावसुद्धा काढायची नाही. सुताराकडे जुनी होडी होती, उचलली. सुतार म्हणाला, साहेब, आधी शिकून घ्या. या लोकांना वाटतं, आम्ही खुर्चीत बसून नुसते कागदच काळे केले.

१६ मार्च
धक्कादायक माहिती. वल्हवताना म्हणे जायचं त्या दिशेला पाठ करून बसतात! मग दिसणार कसं, असं सुताराला विचारलं. म्हणाला, अधूनमधून मान वळवायची. त्याला स्पष्ट सांगितलं, मी आयुष्यात कुणाला पाठ दाखवलेली नाही. संपाच्या वेळी मोर्चा केबिनपर्यंत आला, तेव्हासुद्धा मागच्या दाराने गेलो तो उलट्या पावलांनी, तोंड मोर्चाकडे ठेवून. तळ्याची काय कथा!

१७ मार्च
तोंड पुढे करून वल्हवली. होडी जागच्या जागी गोल फिरली. बराच वेळ फिरली. काठावर आपल्या होडीपाशी नर्सबाई, त्यांचा कुत्रा आणि ही. ओरडून सांगितलं की वळणं तपासतोय. कुत्रा सोडून सगळे हसले.

२० मार्च
कंबर धरली. अंथरुणात. डॉक्टर म्हणतात, वयाचा विचार करा. केला. डॉक्टरांचंच वय फार कमी आहे. हिने मलम चोळलं. चोळता चोळता विचारलं, होडी नुसतीच पडून आहे, तर मी जरा वल्हवून बघू का? म्हटलं, बघू. आमच्या विभागात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे शिपायालाही ठाऊक होतं. ही मान डोलावून गेली. समजूतदार आहे.

८ एप्रिल
कंबर जैसे थे. आत्मचरित्राचं नाव नक्की झालं, मजकूर उद्यापासून. ही हल्ली रोज सकाळी नर्सबाईंबरोबर फिरायला जाते. येते तेव्हा बाह्या ओल्या. म्हटलं, इथे दव फार पडतं, जपून जात जा. बरं म्हणाली.

२१ एप्रिल
चहाचा कप घेताना हिचा तळहात लागला. चांगले घट्टे पडलेत. भांडी घासून, दुसरं काय. जीव हळहळला. आपण घासावीत असंही क्षणभर वाटलं, पण कंबर. लेकीला फोन करून आईसाठी रबरी हातमोजे पाठवायला सांगितले. ती नुसतीच हसत सुटली. हल्लीच्या मुलांना आईबापांची काळजी म्हणून नाही.

६ मे
ही कामं करताना गुणगुणते. तब्येत सुधारलीय, दोन घास जास्त जातात. माझ्या नुसत्या प्लॅनचा हा परिणाम, तर प्रत्यक्ष सफरीचा काय होईल! कंबर ठीक. घरातच सराव सुरू केला: एक खुर्ची, दोन झाडू. फुलदाणी गेली.

२४ मे
माळ्यावरची मोठी बॅग खाली आलीय. ही म्हणाली, तिला ऊन दाखवतेय. ठीक. पण बॅगेच्या चिठ्ठीवर लेकीचा पत्ता आहे. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असणार. ही गेली तर या घरात मी आणि बदकं. नको तो विचार.

३१ मे, संध्याकाळ
आज नाही तर कधीच नाही, म्हणून दुपारी हिला बोलवायला गेलो, तर घरात नव्हती. तोवर रंगीत तालीम करावी म्हणून एकटाच निघालो. तोंड अर्थातच पुढे. तळ्याच्या मध्यावर एक वल्हं हातातून निसटलं. ते नीट सरळ रेषेत पलीकडे गेलं, मी गोल फिरत राहिलो. शेवटी हाका मारल्या. घाबरून नव्हे, माहितीसाठी.

नर्सबाईंची होडी येताना दिसली. वल्हवणाऱ्या बाईची पाठ माझ्याकडे. काय तो हात, काय ती लय! मनात म्हटलं, हिला एकदा दाखवलं पाहिजे. बाईंनी मान वळवली. हीच होती.

दोर बांधून मला पलीकडच्या काठाला ओढत नेलं आणि दुकानात बसवून चहा पाजला. म्हटलं, अगं, सांगायचंस तरी. म्हणाली, अहो, विचारलं होतं की. तुम्ही बघू म्हणालात, मी बघितलं.

मग धीर करून बॅगेचा विषय काढला. जाऊ नकोस, असं सरळ म्हणालो. आवाज चिरका निघाला, वारं होतं. ही म्हणाली, मी कुठे जातेय? मला इथे मस्त जमलंय. जमत नाहीये ते तुम्हाला. बॅग तुमची आहे.

६ जून, लेकीचं घर
हवापालट सुरू. लेकीने खोली दिली, जावयांनी टीव्हीचा रिमोट दिला. नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही किती दिवस राहणार? म्हटलं, ते आजीला विचारायचं. इथे काही म्हणजे काही कमी नाही. करमत नाही. संध्याकाळी हिला फोन लावला. बराच वेळ वाजला. या वेळी ती पाण्यात असते. पुन्हा लावला.