सत्कार रुख्मिणीबाईंच्या हस्ते

मंगरूळपीर,
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय रुचिका,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे, मळ्यात मेथी-पालक जोरात आहे. आईचे गुडघे दुखतात, बाकी ती खणखणीत आहे.

तुझा मेसेज शालिग्रामकाकांनी मला वाचून दाखवला. आमचे ग्रंथपाल ते, फोनवर आलेलं सगळं मोठ्यानं वाचायची त्यांना सवय आहे. "अंजना हल्ली काय वाचते? वाचनालय यंदा कोणती पुस्तकं घेणार? माझी कादंबरी असेलच. बोलावलंत तर आनंदानं येईन, आपल्या मातीतल्या वाचकांशी बोलायचं आहे." कारंज्याचं कॉलेज सुटल्यापासून तुला माझ्या वाचनाची काळजी पहिल्यांदाच वाटली. म्हणून सविस्तर उत्तर देते.

आमच्या खरेदीची एक रीत आहे. दिवाळीनंतर अकोल्याचा विक्रेता पुस्तकांचा गठ्ठा पसंतीसाठी ठेवून जातो. आम्ही बाया तो वाटून घेतो, आणि रविवारी दुपारी बसून जिनं जे वाचलं ते ती बाकीच्यांना सांगते. ऐकून दुसरी कुणी "दे, मी आजच नेते" म्हणाली तर पुस्तक घ्यायचं. कुणीच हात पुढे केला नाही तर परत. मागच्या पानावर कुणी काय कौतुक छापलंय ते आमच्याकडे चालत नाही.

तर मी एका निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र वाचलं. चांगलं जाडजूड. ज्या ज्या गावी बदली झाली तिथे साहेब बरोबर आणि बाकी सगळे चूक. परत केलं. विहिरी खोदणाऱ्या माणसांवरचं एक बारीकसं पुस्तक होतं. पाणी लागायच्या आधी मातीचा वास कसा बदलतो, ते त्यात इतकं सुंदर लिहिलंय की मी सांगत असतानाच एकीनं ते हातातून ओढून घेतलं. एक रहस्यकथा होती. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, तरी घेतली, कारण तिच्यातली सासू झकास आहे.

आणि मग तुझी कादंबरी.

ती राखीच्या वाट्याला आली होती. बसस्टँडजवळ तिचं शिलाईचं दुकान आहे, बोलायला ती कधी कमी नाही. पण त्या रविवारी उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि खालीच बसली. "मले नाई सांगता येत. अंजनाताई, तुमीच वाचा." एवढं ऐकून सगळ्या बायांचे हात वर. इतके हात आमच्याकडे कधी वर झाले नव्हते. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मला मेलीला वाटलं, मैत्रिणीचं पुस्तक म्हणून पाहताहेत. मी हसले सुद्धा.

घरी येऊन वाचायला बसले. गावाचं नाव बदललंस, पण बाईच्या हनुवटीवर माझ्या आईचे तीन गोंदलेले ठिपके तसेच ठेवलेस. भाजीची जुडी सोडून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती "सोडली तं आता तूच बांध" म्हणते, तेही ठेवलंस. आमच्या मळ्याचा उतार, विहिरीवरचं लिंबाचं झाड, बाबांचा टॉवेलात तोंड खुपसून खोकणं, सगळं. बाजारातलं लहान पोरही सांगेल की ही रुख्मिणीबाई. मला आधी रागही आला नाही. वाटलं, बरं झालं, आई पुस्तकात गेली.

मग ते प्रकरण आलं.

लिहू की नको असं करत एवढं पत्र लांबवलं, आता लिहिते. माझ्या आईचं बाबांच्या आधी एक लग्न झालं होतं, हे मला तुझ्या पुस्तकातून कळलं. मला एक मोठी बहीण आहे, हे मला तुझ्या पुस्तकातून कळलं. आईनं ते मला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं. तुझी आई गेली त्या उन्हाळ्यात तू सुट्टीभर आमच्या मळ्यावर राहिलीस. रडत होतीस, जेवत नव्हतीस. आई रोज तुझ्या डोक्याला तेल लावायची आणि मला म्हणायची, जा, गवारीले पाणी दे. मी पाणी देत होते तेव्हा ती तुझ्याशी काय बोलत होती, ते मला आता कळलं. परक्या पोरीचं दुःख हलकं करायला तिनं स्वतःचं काढून दिलं. मला तुझा हेवा वाटतो, रुचिका, आणि या वयात आईवरून हेवा वाटतो याचा आणखी संताप येतो. तोही तुझ्याच खात्यावर मांड.

तुझ्या कादंबरीतली बाई झोपलेली पोर टाकून भाजीपाल्याच्या गाडीवर बसून जाते, "हसत, मागे वळून न पाहता". नवऱ्यानं दुसरी बायको आणली, सासूनं पोर काढून घेतली आणि हिला अंगावरच्या लुगड्यानिशी हाकललं, हे आईनं मला नंतर सांगितलं, ते तुझ्यात कुठेच नाही. त्यानं बाई बिचारी झाली असती. तुला ती बेदरकार हवी होती. पुस्तकाला मिळालेल्या पुरस्काराच्या बातमीत हाच शब्द होता, मी वाचला.

बाजारात कुणीतरी आईला विचारलं, "काय व मावशी, पोरगी टाकून आलती म्हणे तू?" आई भाजी तशीच गोळा करून घरी आली. त्यानंतर बाजारात बसली नाही. दुपारी मेथीच्या जुड्या बांधताना मला म्हणाली, "वाचून दाखव थे पुस्तक. सबन."

मी वाचलं. त्या जागेवर आले आणि दोन पानं एकदम उलटली. आईला अक्षर येत नाही, पण ती म्हणाली, "दोन पानं पलटवली तू. मांगचं वाच."

वाचलं. तिचे हात थांबले नाहीत. जुडी बांधली, पाण्यात बुडवली, टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "हासत गेली, असं लिवलं काय तिनं? म्या तं तिले सांगतलं होतं का मांगं पाहत पाहत आली म्हून. वळणावरून घर दिसेनासं झालं तं मी गाडीवरून उतरली होती. हे सांगता सांगता रुचिकाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली मी, अंजने. तिले इसर पडला असन."

पाहा, अजूनही ती तुझ्यासाठी सबब शोधते. मी शोधत नाही. तुला विसर पडला नव्हता.

आईकडून तिच्या पहिल्या सासरचं गाव कळलं आणि मी किन्हीराजाला गेले. शोधायला वेळ लागला नाही, कारण पुस्तकाची बोलवा माझ्या आधी तिथे पोचली होती. माझ्या बहिणीचं नाव देवका. हनुवटी अगदी आईची. तिनं मला आत घेतलं नाही, ओट्यावरच उभी राहिली. "मले लहानपणापासून सांगतलं का माय मेली तुही. मी दर अक्षय तृतीयेले तिच्या नावानं पान ठेवलं. आता माही पोरगी पुस्तक वाचून सांगते, मेली नाई, हासत गेली. याच्यापक्षा मेलेली बरी होती."

मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी तिच्या पोटच्या. तुमी तिचीच बाजू घेसान. छापलं कोणं? जिनं छापलं तिच्याच तोंडून आयकीन मी."

बरोबर आहे तिचं. आईनं त्या उन्हाळ्यात काय सांगितलं ते ऐकणारी या जगात एकटी तू आहेस.

म्हणून कळवते की तुझं पुस्तक आम्ही घेतलं. रीतीप्रमाणे हात वर झालेच होते. शालिग्रामकाका परत पाठवू म्हणत होते, मीच नको म्हटलं. तुला बोलावतोही आहोत, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी. मांडव घालू, माईक लावू. तुला मातीतले वाचक हवे होते ना, पुरेसे असतील. पत्रिका छापून आल्या आहेत, एक सोबत पाठवते. नीट वाच. "लेखिकेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार : श्रीमती रुख्मिणीबाई हिरालाल उगले यांच्या शुभहस्ते."

आई आधी तयार नव्हती. मी म्हटलं, देवका येणार आहे. तेव्हापासून तिनं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलंय.

कार्यक्रम असा होईल. शाल घ्यायला तुला आईसमोर वाकावं लागेल, कारण ती ठेंगणी आहे. पहिल्या रांगेत देवका बसलेली असेल. तुला ओळखायला त्रास होणार नाही, हनुवटीचं वर्णन तूच छान केलं आहेस. मग मी तुझ्या पुस्तकातलं ते पान माईकवर वाचीन आणि माईक तुझ्या हातात देईन. त्या उन्हाळ्यात तुला काय सांगितलं होतं, तेवढं तू देवकाला सांगायचं. कल्पनाशक्ती, कलाकृती, लेखिकेचं स्वातंत्र्य, यातलं एक अक्षरही नको. रडलीस तरी चालेल, पण सांगून झाल्यावर.

नाही आलीस तरी मांडव पडेलच. शाल तुझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवू, ते पान वाचू, आणि मग जे खरं आहे ते मी सांगीन. लोक माझ्यावर विश्वास ठेवतील. देवका ठेवणार नाही. मग तिच्या लेखी माझी आई मरेपर्यंत हसत राहील. ते तुझ्यामुळे झालं, हे मी तुला विसरू देणार नाही. तुझ्या प्रत्येक कार्यक्रमाला श्रोत्यांत येऊन बसेन. एसटी सगळीकडे जाते.

आईनं तुला आशीर्वाद सांगितलेत. मी ते लिहिणार नव्हते, तिनं दोनदा विचारलं म्हणून लिहिले.

रुख्मिणीबाईंची धाकटी,
अंजना