अप्पांच्या तळ्याचं नितळ पाणी

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेल्या दिव्याने काम चोख केलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटायचं, ताईने दिवा बिघडवला. परसातल्या तळ्याचं पाणी आता इतकं नितळ झालंय की तळाशी पडलेला कपाचा फुटका कानसुद्धा दिसतो. अप्पांनी तळं खणलं तेव्हा आपण शाळेत होतो. तू मातीच्या दोन पाट्या टाकल्यास आणि पोट दुखतं म्हणून जाऊन झोपलास. बाकीच्या पाट्या मी टाकल्या, पण पाहुण्यांना अप्पा सांगायचे, आमच्या पोराने मदत केली.

दिवा वायरमनने बसवून दिला. पंप पाणी ओढतो, ते काळ्या नळीत अतिनील दिव्यासमोरून जातं, शेवाळ मरतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि स्पंजमध्ये अडकतात. तो स्पंज रोज धुवावा लागतो, हे तुझ्या फोनवरच्या व्याख्यानात राहून गेलं होतं. दिवसभर दाताच्या दवाखान्यात लोकांचं कण्हणं ऐकायचं आणि घरी येऊन शिजलेल्या पालकासारखा लगदा पिळायचा, असा माझा दिनक्रम होता. उंटावरून शेळ्या हाकण्यात तू लहानपणापासूनच पटाईत, म्हणून तक्रार केली नाही.

अप्पांचं तुला ठाऊक आहेच, किंवा असायला हवं. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरली ती खुर्ची, डावा हात आणि तळं. सकाळी मी त्यांना काठाशी बसवायचे. ते चमच्याने दगडावर टकटक करायचे की त्या हिरव्या पाण्यातून एकेका माशाचं तोंड वर यायचं. अंग दिसायचं नाही, पण तोंडावरून ते ओळखायचे: मुकादम, सदा भांडणाऱ्या दोघी जावा, आणि सगळ्यांत उशिरा येणारा पोस्टमास्तर. माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, आला बघ एकदाचा, अशी. त्या माणसाच्या दिवसात दुसरं काही नव्हतं रे.

गेल्या खेपेला तू दोन दिवसांसाठी आलास, नाकाला रुमाल लावलास आणि अप्पांसमोरच म्हणालास की हे तळं नाही, डबकं आहे. जणू जिभेबरोबर त्यांचे कानही गेले होते. मी तुला तेव्हाच सांगितलं, बोलता येत होतं तेव्हा अप्पा म्हणायचे की असू दे शेवाळ, ते माशांचं पांघरूण आहे, वरून पाखरांना काही दिसत नाही. त्यावर तू म्हणालास, अप्पा जन्मभर कारखान्यात लेथवर होते, त्यांना माशांतलं काय कळतं. बरं, मग वर जाळी तरी टाकू, असं मी म्हटलं. जाळी वाईट दिसते, डोळ्यांना दिसणार नाही अशी बारीक मी पाठवतो, तोवर भलतंसलतं काही आणू नकोस, हे तुझं उत्तर. मी थांबले. जाळी आलीच नाही. तुझं ऐकायची मला खोड आहे आणि त्यात अप्पांचं वाटोळं झालं, हे मी नाकारत नाही.

पाणी साफ झालं त्याच आठवड्यात बगळा आला. मी कामावर होते. अप्पांची खुर्ची अगदी काठाला होती, ब्रेक लावलेली, त्यांना सगळं नीट दिसावं अशी तुझीच सूचना. त्यांनी हातातला चमचा फेकला असावा, तो मला नंतर पाण्यात सापडला. बगळ्याला काय, आयतं ताट वाढलेलं. जावा गेल्या, पोस्टमास्तर गेला. मुकादम गिळता येईना म्हणून त्याला टोचून टोचून काठावर टाकून दिला होता. मी आले तेव्हा तो अप्पांच्या पायाशी होता आणि त्याचे कल्ले अजून हलत होते.

शेजारच्या शिक्षिकाबाईंनी हे सगळं गच्चीवरून पाहिलं. तू त्यांना अधूनमधून अप्पांचा व्हिडिओ पाठवायला सांगितलं होतंस, तो त्यांनी इमानाने काढून पाठवला. बगळ्याच्या गमतीला अप्पा पोट धरून हसतायत, असं त्यांना वाटलं. बिचारीचा दोष नाही. तू मात्र तो सगळ्या नातेवाइकांना धाडलास, वर लिहिलंस, स्वच्छ पाणी, प्रसन्न अप्पा. आत्याने मला फोन करून तुझं कौतुक ऐकवलं.

आता ऐक. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा झटक्यानंतर काही माणसांचं रडू हसू होऊन बाहेर पडतं, अप्पांचं तसं झालंय. तू त्या वेळी बाहेर फोनवर होतास. गाडीत मी सांगितलं, तर म्हणालास, हसतायत ना, मग वाईट काय आहे त्यात. पायावर कढत पाणी सांडलं तेव्हा अप्पा असेच हसले होते. आईचा फोटो भिंतीवरून पडून फुटला तेव्हाही. तो व्हिडिओ पुन्हा लाव आणि या वेळी आवाज मोठा कर.

हे सगळं आजच का लिहितेय, तर काल तुझा निरोप आला. रविवारी नवे रंगीत मासे घेऊन येतोयस, आणि अप्पांना तसंच हसताना तुला स्वतःच्या कॅमेऱ्यात टिपायचंय. जरूर ये. मासे नाही आणलेस तरी तुझं काम होईल. निरोप मी अप्पांना जेवण भरवताना वाचून दाखवला. तू येतोयस एवढं ऐकलं आणि ते हसायला लागले, ते ताटातलं सगळं निवून गेलं तरी थांबले नाहीत.

तुझीच,
ताई