चाळीस डिग्रीतला त्याग

४ जानेवारी
आजपासून नवं आयुष्य. म्हणजे उद्या सकाळपासून.

कारण एकदा नीट लिहून ठेवतो. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वहिनीला डायबेटिस, तिची चालत नाही. त्यांची मुलगी अजून शाळेत. राहिलो मी. माझा रक्तगट जुळतो. गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर मीच म्हणालो, माझी घ्या. वहिनी रडली. जाता जाता एक नर्ससुद्धा थांबली. प्रसंग फार छान झाला होता. मग किडनीवाल्या डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं, वजन काट्यावर उभं केलं आणि सगळ्याचा विचका केला. म्हणाले, असं चालणार नाही, तीन महिन्यांत दोन्ही खाली आणा, मग बघू. देणारा तयार आणि घेणाऱ्याचे डॉक्टर अडून बसलेत, याला काय म्हणायचं!

असो. उपाय सापडलाय. हॉट योगा. चाळीस डिग्री तापवलेल्या बंद खोलीत योगासनं. शोरूममधल्या कॅशियरनं सुचवलं. हा कॅशियर म्हणजे काडीपैलवान, त्याला कशाला लागतो योगा कोण जाणे. मी स्वतः गाद्यांच्या शोरूमचा फ्लोअर मॅनेजर. पाठ, कणा, विश्रांती हे विषय मला कुणी शिकवायला नकोत. दादाला फोन करून सांगितलं. वहिनीला वेगळा फोन केला. सासूबाईंनाही कळवलं.

५ जानेवारी
गेलो नाही. टॉवेल कुठला न्यायचा ते ठरेना. बायको म्हणाली, कुठलाही न्या. तिला या गोष्टीचं गांभीर्यच नाही.

८ जानेवारी, सकाळी ९
गेलो! खोली म्हणजे भट्टी. तीन बाजूंना आरसे, छताला हीटर, खाली गालिचा आणि गालिच्याला आजवर येऊन गेलेल्या सगळ्यांच्या घामाचा वास. ट्रेनरबाई माझ्या निम्म्या वयाच्या असतील, पण आवाज हवालदाराचा. म्हणाल्या, पहिल्या दिवशी खोलीत नुसतं टिकून राहिलात तरी पुष्कळ. मी टिकलो. बहुतेक वेळ शवासनात टिकलो. ते आसन मला उपजतच येतं असं दिसतं.

क्लासच्या आधी आणि नंतर वजन केलं. दीड किलो उतरलं! एका दिवसात! ट्रेनरबाई म्हणाल्या, ते पाणी आहे, दोन ग्लास प्यालात की परत येईल. यांना गिऱ्हाईक लवकर बरं झालेलं परवडत नसावं. मी पाणी प्यालो नाही.

११ जानेवारी
डोकं दुखतंय. अभ्यास केला. घामातून मीठ जातं. मीठ गेलं की माणूस खंगतो. म्हणून क्लासनंतर वेफर्सचं एक पाकीट घेणं हे आता माझ्या उपचारातच बसतं. बायकोला हे शास्त्र समजावलं. ती म्हणाली, डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं होतं ना? म्हटलं, डॉक्टरांनी बसलेल्या माणसाला सांगितलं होतं, घाम गाळणाऱ्याला नाही. तिनं मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. पटलं असणार.

१७ जानेवारी
डायलिसिसला दादाजवळ जाऊन बसलो. आरामखुर्चीसारखी खुर्ची, हाताला दोन नळ्या, शेजारी मशीन गरगरतंय. खुर्चीची गादी अगदी भिकार, कडेनं दबलेली. असल्या वस्तू हॉस्पिटलवाले कुठून आणतात देव जाणे. मी त्याला हॉट योगाची सगळी माहिती दिली. कुठलं आसन कुठल्या अवयवाला, घामातून विषारी द्रव्यं कशी जातात, वगैरे. त्याचं घामातून जाऊ शकेल का असंही मनात आलं. बोलूनही गेलो. दादा हसला. म्हणाला, तुझं चालू दे. मग डोळे मिटून पडला. त्याला ऐकताना बरं वाटलं असणार.

रंग मात्र फार उतरलाय त्याचा. हात बघवत नाही.

२ फेब्रुवारी
क्लास चुकला. शोरूममध्ये एका नवरा-बायकोला ऑर्थो गादीचा डेमो देत होतो. पाठ टेकून दाखवली आणि झोप लागली. जाग आली तेव्हा मालक उशाशी उभे. ती दोघं गादी न घेता निघून गेली होती. मी मालकांना म्हटलं, गादीच्या दर्जाचा याहून मोठा पुरावा कुठला? मालक म्हणाले, उद्यापासून डेमो कॅशियर देईल. काडीपैलवानाच्या वजनानं गादी दबणार कशी! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगणच माझ्याकडून काढून घेतलं.

९ फेब्रुवारी
आज एक विचित्र गोष्ट. कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली बायकोचा हॉस्पिटलचा रिपोर्ट. घाबरलो. तिला काय झालंय? विचारलं तर म्हणाली, काही नाही, रक्तगट तपासून घेतला. कशाला? म्हणाली, दादांसाठी. तुमचं जमेलसं वाटेना. माझा जुळत नाही.

एवढं म्हणून पोळपाट धुवायला लागली.

मला न विचारता गेली होती. घरात एक त्यागी माणूस असताना दुसऱ्यानं मध्येच उपटायचं कारण काय? मनाला लागलं. वेफर्सची दोन पाकिटं.

२० फेब्रुवारी
आता रोज जातो. तिला दाखवूनच देणार. ट्रेनरबाईंनी वेफर्सचं पाकीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर झापलं. म्हणाल्या, काका, इथं वर चढता आणि बाहेर जाऊन घसरता. पाकीट बंद. फक्त रागानं बंद.

१४ मार्च
शोरूमचे तीन मजले जिना चढून गेलो. धाप नाही. गुडघे दुखत नाहीत. पँट कमरेला सैल, बेल्टला नवं भोक पाडावं लागलं. अर्धचंद्रासनात हात जवळजवळ कानाला लागतो. बायकोही म्हणाली, चेहरा उतरला होता तो भरून आलाय. ट्रेनरबाईंनी नव्या लोकांना माझं उदाहरण दिलं. हे काका बघा, म्हणाल्या, पहिल्या दिवशी नुसते पडून होते.

संध्याकाळी घरी बीपी मोजलं. नॉर्मल.

परत मोजलं. नॉर्मल.

मशीन बिघडलेलं दिसतंय.

१५ मार्च
नवं मशीन आणलं. हेही बिघडलेलं. हल्ली एक वस्तू धड मिळेल तर शपथ.

२२ मार्च
क्लासमध्ये मांजरासन करताना उजव्या कुशीत हात गेला. तिथंच कापतात म्हणे. माझी कुठली काढतील, उजवी की डावी? विचारायचं राहिलंच. विचारलं तर घाबरलो असं वाटेल. घाबरलेलो नाही. माहिती असलेली बरी.

वहिनीचा फोन. भाऊजी, तुमचं ऐकून यांना हुरूप आलाय, काल स्वतःहून जेवायला बसले. मी म्हटलं, वहिनी, काळजी करू नका, मी आहे. फोन ठेवल्यावर हाताला घाम. इथं तर चाळीस डिग्रीही नव्हतं.

२ एप्रिल
आज फेरतपासणी. दहाला रक्त द्यायचं होतं. मी आठचा क्लास केला. विचार साधा होता, वजन कमीत कमी भरावं. पाणीही प्यालो नाही, त्याच कारणानं. ट्रेनरबाईंनी क्लासमध्ये कधीतरी सांगितलं होतं की रक्त तपासायचं असेल तर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी येऊ नका, अंगातलं पाणी कमी झालं की आकडे बिघडतात. ते मी विसरलो. पूर्ण विसरलो. माणूस विसरतो.

संध्याकाळी रिपोर्ट. वजन उत्तम. बीपी उत्तम. पण क्रिएटिनिन नावाचा आकडा वाढलेला, म्हणजे किडनी नीट काम करत नाही. मी खुर्चीत बसलो. डॉक्टरांना म्हटलं, म्हणजे माझी घेता येणार नाही? फार वाईट वाटलं. आवाजात वाईट वाटल्याचं आलंही होतं, मी स्वतः ऐकलं. दाराशी वहिनी उभी होती. तिचा हात धरला आणि म्हटलं, माझ्या हातात असतं तर.

तेवढ्यात बरोबर आलेल्या बायकोनं डॉक्टरांना सांगितलं की हे सकाळी भट्टीत जाऊन आलेत, पाण्याचा थेंब नाही पोटात. डॉक्टर हसले. म्हणाले, मग दोन दिवस आराम करा, भरपूर पाणी प्या आणि परत या. हसण्यासारखं त्यात काय होतं?

रिक्षात बायको म्हणाली, "तुम्ही खरंच विसरलात?" मी म्हटलं, असले प्रश्न विचारवतात कसे तुला. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

५ एप्रिल
सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी पाठ थोपटली. म्हणाले, पन्नाशीच्या माणसानं तीन महिन्यांत एवढा फरक पाडलेला मी क्वचितच बघतो, योगा सोडू नका. बावीस तारखेचं ऑपरेशन ठरलं. वहिनी इतकी रडली की तिला बाकावर बसवावं लागलं. दादाची मुलगी येऊन मला बिलगली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बावीसपर्यंतचे दिवस मोजले.

सगळं माझ्याच हातानं झालंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७ एप्रिल
बावीस तारखेच्या आसपास शोरूमचा सेल असतो. मालकांना सोडून कसं जाणार? विचारलं. मालक म्हणाले, अरे जा, भाऊ आहे तुझा, महिनाभर येऊ नकोस, पगार कापणार नाही. एरवी अर्ध्या दिवसाच्या रजेला कपाळावर आठ्या घालतात. चांगुलपणा सुचायला यांना हाच महिना सापडला.

१० एप्रिल
खोकला. बारीक आहे, पण आहे. खोकला असताना भूल देत नाहीत असं वाचलंय. वहिनीच्या कानावर घालून ठेवलं. बायकोनं घशात टॉर्च मारून बघितलं. म्हणाली, घसा साफ आहे. ही कधीपासून डॉक्टर झाली?

१३ एप्रिल
दोन क्लास लागोपाठ केले. घाम भरपूर. बाहेर येऊन वाऱ्यात उभा राहिलो, ओल्या बनियनवर. ट्रेनरबाई दारातून ओरडल्या, काका, आत या, आजारी पडाल. बघू, म्हटलं. काही झालं नाही. शिंक नाही, कणकण नाही. तीन महिन्यांत शरीर नुसतं लोखंड झालंय. असला योगा कुणी सांगितला होता करायला.

दादाकडे गेलो नाही. खोकला लागेल त्याला.

१६ एप्रिल
दादानं बोलावलंय. एकट्याला ये म्हणाला. कशाला बोलावलं असेल? आभार मानायचे असतील. आभार मला आवडत नाहीत. काय बोलायचं ते ठरवलंय. दादा, तू बाप होऊन मला वाढवलंस, त्यापुढे एक किडनी म्हणजे काय. हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं बसतं.

१७ एप्रिल
दादा त्याच भिकार खुर्चीत होता. नळ्या लावलेल्या, मशीन नुकतंच सुरू झालेलं. मी स्टूल ओढून बसलो. खोकलो. तो म्हणाला, राहू दे, इथं कुणी नाही.

मग म्हणाला, शाळेत लस टोचायला यायचे आठवतं? तू बाथरूममध्ये लपून बसलास. मी तुझं नाव सांगून दुसऱ्यांदा हात पुढे केला. दोन्ही दंड सुजले होते. आई विचारत राहिली, एकाच पोराला दोनदा कशी टोचली.

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मी हसलो. तो हसला नाही.

"मी डॉक्टरांना सांगितलंय, मला भावाची नको," दादा म्हणाला. "कारण विचारलं तर माझंच मन होत नाही म्हणालो. तुझ्या वहिनीलाही तेच सांगणार. तुझ्यावर काही येणार नाही. मी परक्याच्या किडनीसाठी यादीत नाव घातलंय, मिळाली तर मिळाली."

मी म्हणालो, "बरं."

तो म्हणाला, जा आता, शोरूमला उशीर होईल.

घरी आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणाले दादा? सांगितलं, तोच नको म्हणतोय. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, आणि तुम्ही? मी म्हटलं, मी पुष्कळ समजावलं, हात जोडले, पण दादाचा हट्ट तुला माहीतच आहे, मला बोलूच दिलं नाही.

इथंही तेच लिहिणार होतो. पण इथं वाचणारं कुणी नाही. त्यानं मला भरपूर बोलू दिलं असतं. मशीन संपायला चार तास होते, तो त्या खुर्चीतून हलूही शकत नव्हता. माझं वाक्य मला तोंडपाठ होतं. मी स्टूल जागेवर नीट ठेवलं, हॉस्पिटलचे चार मजले जिन्यानं उतरलो, आणि खाली पोचलो तेव्हा मला जराही धाप लागली नव्हती.