मगरीची पाठ

८ जानेवारी १९३४, सकाळ
शेळगीच्या ओढ्यात पाय धुताना दगड सापडला. रस्त्याखालच्या नव्या मोरीपासून वीस पावलांवर. दीड हात लांब, राखी रंग, पाठ फुगीर. अंगभर बारीक चौकोनी खवले, ओळीने. हा दगड नव्हे. हा एके काळी चालत होता. तेहतीस वर्षं मुलांना निर्झरावरच्या कविता शिकवल्या, निर्झराने आज त्याची परतफेड केली.
टांगेवाल्याने कण्हत उचलला. घरी आल्यावर हिने विचारलं, कपडे धुवायला आणलात का? मी दगडावर चादर घातली.

८ जानेवारी, संध्याकाळ
आता चन्नवीरकडे बघतो.
तो सायन्स शिकवायचा, मी मराठी. १९०३ साली मास्तरांच्या खोलीत सगळ्यांसमक्ष म्हणाला होता, कविता शिकवणाऱ्याला ओढ्यावर नेऊन सोडा, दगड कुठला आणि बेडूक कुठला हे त्याला कळायचं नाही. सगळे हसले. ड्रॉइंगमास्तर तर चहा सांडेपर्यंत. आम्ही दोघंही रिटायर झालो, ते वाक्य काही रिटायर झालं नाही.
सत्तावीस तारखेला शाळेचं प्रदर्शन. उद्घाटन चन्नवीरच्याच हस्ते. दगड तिथेच मांडायचा. त्याने सर्वांसमोर 'मी चुकलो' म्हणायचं. बस्स. एवढाच सूड, मी काही दुष्ट माणूस नाही.
संकल्प: तोवर कोणाला काही सांगायचं नाही.

९ जानेवारी
पोस्टमनला सांगितलं. दुधवाल्या हुसेनसाबलाही, पण त्याने आपणहून विचारलं, मास्तर, दगडाला चादर कशापायी घातलीय?

११ जानेवारी
लायब्ररीत इंग्रजी पुस्तक पाहिलं. मगरीच्या पाठीचं चित्र आहे. खवले हुबेहूब. फक्त पुस्तकातले वेडेवाकडे, माझे सरळ. म्हणजे माझी मगर जास्त शिस्तीची. जुन्या काळी सगळंच शिस्तीचं होतं.
अशा अवशेषांत चुना असतो, आंबट टाकलं की फेस येतो, असंही लिहिलंय. घरी येऊन लिंबू पिळलं. फेस आला. फॉसिलच.
ही स्वैपाकघरातून विचारत होती, आमटीचं लिंबू कुठं गेलं? शास्त्राच्या कामी गेलं, असं मनात म्हणालो.

१४ जानेवारी, संक्रांत
गड्ड्याच्या जत्रेत चन्नवीर भेटला. तिळगूळ दिला. मुद्दाम गोड बोललो नाही. त्याच्या लक्षात आलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय म्हणाला. वाईट वाटलं. माझा दगड त्याला नीट दिसायला हवा होता.

२० जानेवारी
लेबल लिहिलं. वर दोन ओळी, भुजंगप्रयात, माझ्याच:
युगे लोटली झोपला तू तळाशी,
जगा दाखवी तूज हा ज्ञानराशी.
ज्ञानराशी म्हणजे कोण हे वाचणाऱ्याने ठरवावं. खाली नाव लहान अक्षरांत घालणार होतो. जागा उरली म्हणून मोठ्या अक्षरांत घातलं.

२७ जानेवारी, संध्याकाळ
सविस्तर लिहितो.
चन्नवीरने डोळे मिटून दगडावरून बोटं फिरवली. बराच वेळ. मग म्हणाला, नाना, हे अस्सल हाय की, मगरच ही. टाळ्या पडल्या. आता १९०३ चा विषय काढायचा आणि त्याच्या तोंडून दोन शब्द वदवून घ्यायचे, एवढंच उरलं होतं.
तेवढ्यात अक्कम्मा पुढे आली. आमच्या शेजारी माग चालवते, तिचं लुगडं प्रदर्शनात होतं. तिने पदराने दगड पुसला आणि नखाने मोजायला लागली. म्हणाली, उभा ताणा दोन, आडवा बाणा एक. मास्तर, हे तर गोणपाट हाय. मोरीच्या कामाला शिमिटाची पोती आलती, त्यातलं एक भिजून घट्ट झालं. पोतं कुजलं, वीण तेवढी उठून राहिली. तुमच्या मगरीला शिवण बी हाय, हितं बघा.
शिवण होती.
सगळा हॉल हसला. सर्वांत जास्त चन्नवीर. टेबलावर थाप मारून म्हणाला, मंडळी, मी चुकलो, साफ चुकलो. एकतीस वर्षं वाट पाहिली ते शब्द आले, पण माझ्याकडे पाठ करून आले. लोक म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण चूक कशी हसत कबूल केली. दुसरा हार घातला त्याला.
मला कोणी हसलंसुद्धा नाही.

३० जानेवारी
गावभर 'चन्नवीर मास्तरांची मगर' चालू आहे. हुसेनसाबने मलाच ती गोष्ट सांगितली, वर म्हणाला, तुमी बी तितं होता म्हणं?
दगड मी शोधला. लिंबू माझ्या घरचं. गाढवपणा सर्वस्वी माझा. तोही हा माणूस घेऊन जाणार? नाही घेऊ देणार.
हेडमास्तरांना अर्ज लिहिला: सदरहू चूक प्रथमपासून माझी असून तिचं श्रेय अन्य कोणासही देऊ नये.

२ फेब्रुवारी
हेडमास्तरांनी अर्ज प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेला वाचून दाखवला. म्हणाले, मित्राची चूक आपल्या अंगावर घेणारी अशी माणसं आता उरली नाहीत.
दुपारी चन्नवीर घरी आला. माझे दोन्ही हात धरले त्याने. मग म्हणाला, नाना, इतकी वर्षं मला कळलंच न्हाय. उद्यापासून रोज पाचला येत जातो.
हिने ओसरीवर दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे.