प्रकटीकरणातला गाळलेला शब्द

बाबा, आता तुम्हाला उठून जाता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. जिवंत होतात तेव्हा मी काही विचारलं की तुम्ही सायकल काढायचात. चाकातली हवा दाबून बघायची, पायजम्याला क्लिप लावायची आणि चालले वचन सांगायला. घनसावंगीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तुमच्यासारखा बोलणारा उपदेशक नव्हता म्हणे, आणि घरात पोटच्या पोरीला एक सरळ उत्तर द्यायची वेळ आली की तोंडाला कुलूप! अजून आठवलं तरी डोकं फिरतं माझं.

सत्तरचं दशक निम्मं सरलेलं, मी जालन्याला मास्तरकीचा कोर्स करत होते. रविवारी चर्चमध्ये एक बाई आम्हा मुलींना शास्त्र शिकवायच्या. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, लिहिणारा योहान आणि शुभवर्तमानाचा योहान एकच होते की दोन, ही शंका फार जुनी आहे. शुभवर्तमानाचं ग्रीक साधं, सफाईदार, तर प्रकटीकरणाचं धसमुसळं, व्याकरणाची पर्वा नसलेलं. काही जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तर हे पुस्तक बराच काळ शास्त्रात धरलंच नव्हतं. आणि सगळं हातानं उतरवलेलं, त्यामुळं कुणाची डुलकी लागून शब्द गळायचा, कुणी मुद्दाम गाळायचा. मला केवढा आनंद झाला होता! सुट्टी लागली तशी एसटीनं धावत घरी आले, पिशवी खाली ठेवायच्या आत तुम्हाला सांगायला लागले. तुम्ही लसूण सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "योहान म्हंजे योहान. तुला काय त्याचं रेशनकार्ड पाहिजे का?" आई पदर तोंडाला लावून हसली. मी दोन दिवस धुमसत होते.

आपल्या घरच्या बायबलाची शेवटची पानं हाताळून हाताळून गळून पडली होती. ती तुम्ही जालन्याच्या पाळकसाहेबांच्या पुस्तकावरून फुलस्केप कागदावर उतरवून आणली होती, निळ्या शाईत, टाकानं, आणि पिठाच्या खळीनं चिकटवली होती. यात कुणी भर घालू नये, यातून कुणी काढू नये, ही शेवटची ताकीद तर तुम्ही लाल शाईनं दोनदा अधोरेखित केली होती. त्याच पानांवरून मी पाठ केलं. मग चर्चमध्ये पाठांतराची स्पर्धा झाली. आगीच्या तळ्यात कोण कोण जाणार, ती यादी मी घडाघडा म्हटली, एकदाही अडखळले नाही, आणि बाई म्हणाल्या, एक शब्द राहिला. मी तुमचीच मुलगी. भर मंडळीत ताठ उभी राहून म्हणाले, "माझ्या बाबांनी उतरवलंय, चूक असूच शकत न्हाई." बाईंनी छापील पुस्तक पुढ्यात ठेवलं. भेकडांच्या पाठोपाठ 'अविश्वासी' होते. आपल्या पानावर ते नव्हतेच. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तशीच एसटी धरून घरी आले. स्वयंपाकघरात तुम्ही आणि काका चहा पीत बसला होतात. काका म्हणजे तुमचा धाकटा भाऊ, छप्पन साली धम्म घेतलेला. दोन घरांत एकच भिंत. पटत काही नव्हतं त्यांना, तसं तोंडावर सांगायचे, पण रोज संध्याकाळी येऊन बसायचे आणि म्हणायचे, "दादा, ते शेवटचं वाच, नव्या नगराचं. तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं." तुम्ही त्याच चिकटवलेल्या पानांवरून वाचायचात; आगीच्या तळ्याची यादीही त्याच वाचनात यायची. मी दारातूनच ओरडले, "बाबा, तुम्ही शब्द का गाळला? चुकून गाळला का मुद्दाम?" काकांनी बशी खाली ठेवली. "कोणता शब्द गं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही गरजलात, "चूप बस! देवाच्या पुस्तकात अक्कल पाजळू नको. मी बराबर लिव्हलंय!" जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर असा आवाज चढवला. आणि लगेच सायकल.

बराबर लिव्हलंय म्हणे! यादीत शेवटी सगळे लबाड येतात, तो शब्द तेवढा ठसठशीत लिहिला होता तुम्ही. अहो, एक वाक्य बोलायला काय जात होतं? दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला स्टँडवर सोडायला आलात, सायकलवर मागे मी बसलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेव्हा सांगायचं होतं. पण नाही, तुम्ही आपले कपाशी कशी आली तेच सांगत राहिलात. मी मनात ठरवून टाकलं की हा माणूस दुसऱ्यांना ताकीद देतो आणि स्वतः शास्त्रात हात घालतो. नोकरी लागली, पत्रं लिहिली ती पोस्टकार्डावर चार ओळींची. तुमच्या समोर बसून पुन्हा कधी वचन ऐकलं नाही. तुम्ही बोलावलंत तरी नाही. आणि मग तुम्ही गेलात, ते भिजत घोंगडं तसंच ठेवून.

तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी काका माझ्या बिऱ्हाडी आले. किती खंगले होते! इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि एकदम म्हणाले, "त्या दिवशी कोणता शब्द व्हता गं? दादाला मी लई बार विचारलं. त्यानं सांगितलंच न्हाई." मी सांगायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, बाबा, आणि समोर कोण बसलंय ते मला तेव्हा कुठं दिसलं. इतकी शिकलेली मी, कपाळ माझं!

मी म्हणाले, "काही न्हाई हो काका, आकडा व्हता. त्या श्वापदाचा आकडा काही जुन्या प्रतींत सहाशे सहासष्ट, तर काहींत सहाशे सोळा. त्याच्यावरून भांडण." काका खो खो हसले. "आकड्यापायी बापाशी अबोला धरला व्हता व्हय? येडी का काय तू!"

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मलाही कळतं. राग माझा अजून गेलेला नाही, तोही सांगून ठेवते. पण काकांना मी 'हो' म्हणाले. म्हणाले, हो काका, येडीच व्हते मी. त्या सगळ्या बोलण्यात खरं म्हणाल तर तेवढंच होतं.