तीन गावं नामंजूर

दि. ६ नोव्हेंबर
तळ्याकाठचं गाव, खानावळीवरची खोली

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

टेबलावर वर्तमानपत्राच्या दोन घड्या पसरून हे पत्र लिहितो आहे. उघड्या टेबलाला हात लावायची माझी तयारी नाही. सवयीने कडेच्या खालून बोट फिरवलं आणि बोट चिकटलं. कुणीतरी चघळून लावलेला गोळा होता, आणि त्याच्या शेजारी त्याचे भाऊबंदही होते. साबणाने तीनदा हात धुतले, तर साबणालाच केस!

तुला माहीत आहेच, डॉक्टरांनी हिला उन्हाळ्याच्या आत शहरातून हलवायला निक्षून सांगितलं आहे. ही धूळ आणि हा धूर असाच छातीत जात राहिला, तर पुढचा उन्हाळा हिला झेपायचा नाही, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले. थंड, शांत, उंचावरचं गाव बघा, म्हणाले. म्हणून निवृत्तीनंतरची पहिली थंडी मी गावं बघण्यात घालवतो आहे. हिच्या सोबतीला शेजारीण आहे.

एकतीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली, पण पुढच्या दाराने एकदाही आत गेलो नाही. पुढे फुलदाणी असते आणि खरं काय ते मागे असतं. गावही मी तसंच बघतो. बाजाराच्या पाठीमागे गेलो तर मासळीचं पाणी गटारात न जाता शाळेच्या भिंतीशी साचलेलं. वर साय धरली होती. जे घर दाखवलं त्याच्या गच्चीवर चढून टाकीचं झाकण उघडलं, तर आत कबुतर तरंगत होतं. मालक म्हणाला, आजच पडलं असेल. पिसं सुटून वेगळी झालेलं कबुतर म्हणे आजचं! मला तिथल्या तिथे ओकारी आली. त्याच टाकीतलं पाणी त्याने मला आल्या आल्या पेल्यातून दिलं होतं.

हवा तेवढी बरी आहे. पण हवा पिऊन का राहायचं? शेरा मारला, नामंजूर. पुढच्या गावी निघतो.

तुझी लाँड्री पुतण्याकडे सोपवलीस ते छान केलंस. आता तरी गुडघ्यांना विश्रांती दे. आहे तो लोभ जपून ठेव, इथल्या कशालाही शिवू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

❖

दि. १५ नोव्हेंबर

चि. नाक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. मी ते जेवायच्या आधी वाचलं ही माझी चूक. कबुतरापर्यंत आले आणि ताट बाजूला सारलं. साठी उलटली तरी तुझं नाक काही वयात आलं नाही. लहानपणी दुधावर साय दिसली की तू घर डोक्यावर घ्यायचास आणि ती साय मी खायची. नाक्या हे नाव मी उगाच ठेवलं नव्हतं.

टाकीत कबुतर होतं तर टाकी धुता येते, बाबा. चाळीस वर्षं मी अख्ख्या पेठेच्या चादरी धुतल्या. त्यांवर काय काय असतं ते तुझ्यासारख्या नाजूक माणसाला पत्रात लिहिता यायचं नाही. पण धुतलं की जातं. तू आयुष्यभर घाण शोधलीस, धुतली मात्र दुसऱ्यांनी, म्हणून तुला ती कायमची वाटते.

भावजयीचं कसं आहे ते दोन ओळींत तरी लिहायचंस. मी तिला निराळं पत्र टाकलं, त्याचंही उत्तर नाही. एवढी धाप लागते का, की पेन धरवत नाही? दिवस मोजके आहेत हे विसरू नकोस. नावडतीचं मीठ अळणी, तसं तुझं गावांच्या बाबतीत होऊ नये.

आशीर्वाद पाठवते आहे, स्वच्छ धुऊन आणि इस्त्री करून.

तुझी,
ताई

❖

दि. ९ डिसेंबर
लोकरीचं गाव

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तळ्याकाठचं गाव परवडलं म्हणायची पाळी आली आहे. इथे लोकर धुण्याचे कारखाने आहेत. एक नाही, चार. मोटारीतून उतरलो तोच ओल्या मेंढीच्या वासाने असा काही दणका दिला की मी परत मोटारीतच चढत होतो. वास सगळीकडे आहे, पावात, उशीत, गावच्या डाकघरातल्या डिंकातसुद्धा. तिकीट जिभेने ओलं केलं आणि मेंढी चाटल्यासारखं वाटलं. तिकीट विकणाऱ्या बाईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली की तिला कसलाच वास येत नाही. म्हणजे बघ.

कारखान्याच्या मागे गेलो. धुतलेल्या लोकरीचं पाणी लाकडी पन्हळीतून खालच्या खड्ड्यांत जातं. पिवळट, तुपकट, त्यात शेणाच्या गोळ्या. मुकादम मोठ्या कौतुकाने सांगत होता की हे पाणी नदीत जात नाही, खड्ड्यांतच मुरवतात आणि वरची चरबी मलमं करणाऱ्यांना विकतात. त्याने ती चरबी बोटावर घेऊन माझ्यापुढे धरली. असं मलम लावण्यापेक्षा माणसाने खाजत बसलेलं चांगलं.

चढावर एक घर दाखवलं. दोन खोल्या, पूर्वेची खिडकी, मोरी आतच. टाकी मी स्वतः पाहिली, साफ होती. तिथे वारा उलटा असल्याने वास जरा कमी, आणि हवा अशी की श्वास घेतला तर थेट पोटापर्यंत पोहोचतो, मध्ये कुठे अडत नाही. पण खिडकीतून ते खड्डे दिसतात. रोज सकाळी उठून ते बघायचं? शेरा, नामंजूर.

हिचं बरं आहे. शेजारीण बघते. अजून एक गाव यादीत आहे. रागावू नकोस, आणि लोभाला या पाकिटाचा वास लागला तर उन्हात टाक.

तुझा,
धाकटा

❖

दि. २ जानेवारी
सर्वांत वरचं गाव

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

इथे येऊन बारा दिवस झाले. बाजाराच्या मागे गेलो, खाटकाच्या मागे गेलो, खानावळीच्या मोरीत वाकून पाहिलं. काही सापडलं नाही. टेबलाच्या कडेखाली बोट फिरवलं, बोट जसंच्या तसं बाहेर आलं. रस्ते धुतलेले, माणसं हळू बोलणारी.

मला हे गाव मुळीच आवडलेलं नाही. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर एक कळतं, जिथे काहीच सापडत नाही तिथे काहीतरी लपवलेलं असतं. मला इथे सारखी मळमळ होते आणि कारण सापडत नाही, हे तर जास्तच वाईट. तूर्त नामंजूर. आणखी महिनाभर राहून नीट छडा लावीन म्हणतो.

हिला पत्र लिहायचं राहूनच जातं. तू कळवलंस तर बरं होईल. लोभ कमी झाला असेल तर कळव, तो कुठे मुरतो आहे ते शोधून काढीन.

तुझा,
धाकटा

❖

दि. १४ जानेवारी
मुक्काम तुझ्याच घरी

चि. नाक्यास,

आशीर्वाद मागाहून देईन. देण्यासारखे उरले तर.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी पिशवी भरली. स्वच्छ गावात ज्याला मळमळतं त्याचं दुखणं गावात नसतं, एवढं मला कळतं. नाचता येईना अंगण वाकडं. तुझं अंगण कुठे वाकडं झालंय ते बघायला आले, आणि तुझ्याच रीतीने मागच्या दाराने आले.

काय पाहिलं ते ऐक. तुझा पलंग बाहेरच्या खोलीत. तुझा पेला, तुझी ताटली, तुझा टॉवेल वेगळ्या कपाटात, कपाटाला कुलूप. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी एक बुटकं स्टूल. शेजारणीने सांगितलं की तू हिचं ताट त्या स्टुलावर ठेवायचास आणि पायाने आत ढकलायचास. आठ महिने तू तो उंबरा ओलांडला नाहीस. हिच्या कफाचं भांडं दिवसातून तीनदा रिकामं करावं लागतं. ते शेजारीण करते, आणि ती नसेल तेव्हा ही स्वतः भिंतीला धरधरून मोरीपर्यंत जाते. डॉक्टरांना मी जाऊन विचारलं. हे दुखणं कुणाला लागणारं नाही, आणि तसं त्यांनी तुला दोनदा सांगितलं होतं.

मी हिला विचारलं की पत्राचं उत्तर का नाही दिलंस. तर म्हणाली की लिहायला बसलं की खरं लिहावं लागलं असतं, आणि नवऱ्याची तक्रार त्याच्याच बहिणीकडे जावी हे तिला नको होतं.

गटारं, मेंढ्या, कबुतरं, सगळ्यांची किळस तू मला पानं भरभरून कळवलीस. आता माझी ऐक. घाणीची किळस मला कधी आली नाही, कारण घाण बिचारी काही ठरवून करत नाही. शिसारी मला तुझी आली आहे. तू हिच्यासाठी गाव शोधत नाहीस. तू खोकल्यापासून लांब राहायला गावं शोधतो आहेस, आणि एखादं पसंत पडलं तर घरी परतावं लागेल म्हणून सगळी नाकारतो आहेस. इकडे उन्हाळा दीड महिन्यावर आला.

तुझी सगळी पत्रं मी हिला वाचून दाखवली. ती खूप हसली, मग खूप खोकली, आणि लोकरीच्या गावाचं पत्र परत वाचायला लावलं.

ताई

❖

दि. ८ फेब्रुवारी
लोकरीचं गाव, चढावरचं घर

सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ असावी. आजवर आपण एका घरात राहत होतो, त्यामुळे गरज पडली नाही.

वन्संच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवलं. गाव तुम्हीच निवडून दिलंत. तुम्ही लिहिलं होतं की इथे श्वास पोटापर्यंत पोहोचतो, मध्ये अडत नाही. बाकी सगळं पत्र मेंढ्यांवर होतं, पण मला तेवढंच ऐकू आलं. वन्संनी तुमच्याच वर्णनावरून घर शोधलं आणि आम्ही आलो. प्रवासात फार हाल झाले, ते सांगत नाही.

वास येतो हे खरं आहे. पहिले दोन दिवस मलाही नको झालं होतं, आता नाकाला सवय झाली. खड्डेही दिसतात. पण परवा मी खिडकीपासून दारापर्यंत न थांबता चालले आणि वन्सं रडल्या.

कफ अजून पडतो. डॉक्टर म्हणतात कमी होईल, बंद होणार नाही. भांडं वन्सं रिकामं करतात. त्या येत्या रविवारी परत जाणार आहेत, कारण त्यांचे गुडघे हा चढ सोसत नाहीत आणि त्यांनी तरी किती करावं. इथली एक शुश्रूषा करणारी बाई पगारावर यायला तयार आहे. तेव्हा तुम्ही आलात नाहीत म्हणून माझं अडणार नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. दया म्हणून येऊ नका. यायचं असेल तर आतल्या खोलीत यावं लागेल, कारण इथे बाहेरच्या खोलीत पलंग मावत नाही.

तब्येत सांभाळा. लोभाचं मी काही लिहीत नाही, तो तुमच्याकडे किती उरला आहे ते तुम्हीच बघा.

❖

दि. २१ फेब्रुवारी
लोकरीचं गाव

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू निघालीस त्याच दुपारी मी पोहोचलो. चढावर आपली गाठ पडली तेव्हा तू माझ्याकडे न बघता गेलीस, ते योग्यच केलंस. शुश्रूषेच्या बाईला ही दुसऱ्या दिवसापासून बोलावणार होती. मी आठ दिवस मागून घेतले.

खोटं लिहीत नाही. पहिल्या संध्याकाळी भांडं उचललं आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत मला उलटी झाली. दोन्ही घाणी मीच धुतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत झाली. मला वाटलं होतं की एकदा हिय्या केला की किळस जाईल. ती गेलेली नाही. तुझं म्हणणं खरं आहे, धुतलं की जातं, पण ते भांड्याचं जातं, माझं नाही.

ही खोकताना भिंतीकडे तोंड करते, माझ्यासाठी. मला वाटायचं की आजारी माणसाला आपल्या कफाचं काही वाटत नसावं. काल मी तिला ओशाळून सांगितलं की मी प्रयत्न करतो आहे, पण अजून शिसारी येते, मला माफ कर. ती म्हणाली की तिलाही येते. रोज येते, प्रत्येक वेळी येते, ते तोंडात असताना तर सगळ्यांत जास्त येते. फक्त तिला गावं बघायला जायची सोय नव्हती.

ताई, एकतीस वर्षांत एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

आज सकाळी ती खोकली तेव्हा मी तिला भिंतीकडे वळू दिलं नाही. भांडं हातात धरून समोर बसलो. दोघांनीही तोंडं वाकडी केली.

आशीर्वाद उरले असतील तर पाठव. इस्त्री नसली तरी चालेल.

तुझा,
नाक्या