मान पडण्याआधी उपटलेले कंद

बाबा, डॅफोडिलचे कंद एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे असतील तर फुलं सुकल्या सुकल्या त्यांना हात लावायचा नसतो. पानं पिवळी पडून जमिनीवर लोळेपर्यंत थांबायचं. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्याच जिवावर कंदात भरत असतं. हे तुम्हाला सांगावं लागतंय म्हणून तुमची कीव येते. निफाडकडच्या कांदेवाल्याचे तुम्ही चिरंजीव. पात मान टाकत नाही तोवर कांदा काढत नाहीत, हे तुमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बँकेत साहेब झाल्यावर तुम्हाला कांदा फक्त ताटात ओळखू यायला लागला, तोही चिरलेला.

आई पहिल्यांदा माझ्याकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आली ती ऑक्टोबरात. कुंपणापाशी गुडघे टेकून तिनं कंद लावले आणि फुलं बघायला म्हणून एप्रिलात तुम्हाला घेऊन परत आली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या फुलांपाशी उभी असायची. तुम्ही एकदाही तिथं गेला नाहीत. फुलं गळून नुसती हिरवी पानं उरली तेव्हा मात्र तुमचं लक्ष गेलं. "हे काय गवत माजलंय? जर्मन लोक हसतील आपल्याला." कुंपणापलीकडची जर्मन बाई हात हलवून ओरडली, "नाइन, नाइन, नोख निख्ट!" अजून नाही, अजून नाही. तुम्ही कमरेत वाकून "येस येस, थँक यू" म्हणालात आणि खुरपं चालवत राहिलात. जिच्या हसण्याची एवढी धास्ती, तिचं ऐकण्याइतकी मात्र तुम्हाला तिची किंमत नव्हती.

आई म्हणाली, "अहो, मान तरी पडू द्या त्यांची."

"तू गप्प बस. हा काय तुझा कांदा आहे?"

हिरवीगार पानं छाटलीत, कंद नळाखाली घासून धुतलेत आणि दारापुढं पट्टी धरल्यासारखे एका ओळीत पुरलेत. पुढच्या वसंतात केसासारखी चार पानं आली. आई पुण्याहून विचारायची, "आली का गं फुलं?" मागून तुमचा आवाज, "तिकडच्या मातीतच दम नाही!" तुमचे डोळे मिटेपर्यंत फूल आलं नाही, आणि 'चुकलं' हा शब्दही.

मी त्या कंदांना नुसतं राहू दिलं. काही वर्षांनी ते फुलले, मग दाटीही झाली. आता आम्ही हे घर सोडतोय. आईचे गुडघे गेलेत, ती पुन्हा इथं यायची नाही. तिच्या हातचं इथं एवढंच आहे आणि ते मला नव्या घरी जिवंत न्यायचं होतं. नवरा म्हणत होता, "फेरमीटरला बाग साफ हवीय, टाक उपटून." घरमालकाला काय हवंय ते मलाही कळत होतं. मी थांबले.

गेल्या रविवारी पानं पिवळी पडली. कंद काढले, जुळलेले हातानं सुटे केले आणि व्हिडिओवर आईला दाखवले. "धुऊ नकोस गं. माती झटक, सावलीत पसर, एकावर एक नको." कुठं शिकलीस, विचारलं. "लग्न झालं तेव्हा ह्यांनीच शिकवलं. शेतात, एकेक कांदा माझ्या हातात देऊन."

तो मुलगा मला कधी भेटला नाही. माझ्या जन्माआधीच तुम्ही त्याला उपटून टाकलंत. हे पत्र मी त्याला पाठवलं असतं, तुम्हाला पाठवत नाही. एवढंच सांगते, हे बोलताना आई लाजली, आणि मला तिचा हेवा वाटला.